शेवंतामावशीची एकवीस कलमं

गेल्या महिन्यात आमच्या फुटबॉल क्लबचा कसलासा समारंभ झाला. व्यासपीठावरच्या एका गृहस्थांनी "आपल्या क्लबच्या गमतीदार पाठीराख्या, शिट्टीवाल्या शेवंतामावशी" असा उल्लेख केला आणि सभागृह खो खो हसलं. मी पहिल्या रांगेत होते. माझा गुडघा धड असता तर मी उठून त्यांच्या हातातला माईक काढून घेतला असता.

गमतीदार! शेवंतामावशी गमतीदार नव्हती. ती रागीट होती. पहाटे जेटीवर पाय ठेवल्यापासून संध्याकाळी चूल विझेपर्यंत रागीट होती, आणि तिच्या प्रत्येक रागाला कारण असायचं. आमच्या हसण्याला नसायचं.

त्या हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे मीच होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नातवंडांना शोधत बसायला नको. परदेशी सामना बघायला निघालेल्या मंडळींसाठी मावशीनं मला एकवीस कलमं सांगितली होती. मी तिला एकवीस वाचून दाखवली आणि छापली अठरा. तिला वाचता येत नव्हतं. मला फार चांगलं येत होतं.

हे सगळं घडलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि रत्नागिरीला एस. टी. स्टँडजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास चालवत होते. पाटीवर क्लासच्या नावापेक्षा 'बी. ए. (मराठी)' हे मोठं होतं. गावातल्या लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, आखातात जाणाऱ्यांचे अर्ज, सगळं माझ्या हाताखालून जायचं, आणि त्यातल्या ऱ्हस्वदीर्घावर मी फौजदारासारखी नजर ठेवायची. एकदा एका तेराव्याच्या पत्रातल्या चुका मी यजमानांसमोरच लाल पेनानं काढल्या होत्या. अशी मी. आज ती तेव्हाची बाई मला रस्त्यात भेटली तर मी पदपथ बदलीन.

शेवंतामावशी मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव पुकारायची. काळी, उंच, कासोटा आवळलेला, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोऱ्यात ओवलेली रेफरीची शिट्टी. ती शोभेची नव्हती. लिलावात दोन व्यापारी एकदम बोलले की शिट्टी. वरच्या थरात ताजी सुरमई आणि खाली कालची, असा कुणी खोका लावला की शिट्टी, आणि पाठोपाठ बर्फाच्या पेटीचं लाल झाकण डोक्यावर धरून, "बाहेर! तीन दिस या जेटीवर दिसायचं नाय!" आणि तो मिशीवाला व्यापारी खरंच तीन दिवस दिसायचा नाही. ट्रॉलरवरचे खलाशीसुद्धा त्या लाल झाकणाला वचकून असायचे.

फुटबॉल तिच्या घरात तिच्या नवऱ्यानं आणला होता. दामूकाका तरुणपणी बोटीवर होते. बंदराबंदरात सामने बघितले आणि घरी आल्यावर भाट्याच्या पुळणीवर, वाळूत, कोळ्यांच्या पोरांना खेळायला शिकवलं. पुढे कधीतरी ते एकदम गप्प झाले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते दारात जाळं विणत बसलेले असायचे. पोस्टमन खाकी कपड्यात समोरून आला तरी सुई टाकून आत जायचे. का, ते कुणी विचारलं नाही. क्लब मग मावशीनं चालवला. चालवला म्हणजे पोरांना ओरडून मैदानावर आणलं, आणि मैदानाबाहेरून रेफरीला ओरडून परत पाठवलं.

"डोळ्यांत बर्फ घातलायस काय रे? तो हात नव्हता, खांदा होता! तुझ्या आवशीला विचार हात कुठं असतो नि खांदा कुठं!"

आमचे हे क्लबचे चिटणीस होते. स्वभावानं इतके गरीब की आमच्या पोरानं गोल केला तरी समोरच्या गोलकीपरला "लागलं नाही ना?" म्हणून विचारून यायचे. मावशीच्या मागे छत्री घेऊन उभं राहणं हे त्यांचं मुख्य काम.

एकदा घाटावरच्या एका गावी सामना होता. पोरांच्या मागे आमची पंचवीस-तीस माणसं एस. टी. करून गेली. आपला गोल झाल्याबरोबर त्यांच्याच लोकांच्या मधोमध उठून नाचली, आणि परत आली तेव्हा चौघांच्या डोक्याला पट्ट्या होत्या. गावाला वाटलं, मावशी घाटावरच्यांना शिव्या घालणार. तिनं आपल्याच माणसांना जेटीवर उभं करून झोडपलं.

"परक्याच्या अंगणात गेलास की हात खाली ठेवायचे. गोल झाला तर पोटात ठेवायचा नि घरी येऊन नाचायचं. सामना सुटला की पयली त्यांची माणसं जाऊ द्यायची, मग आपण उठायचं. येवढं कळत नाय तर सामने बगायला जाता कशाला? तुमच्या बायकांनी तुम्हाला परत मागितलंय म्हणून बोलतंय मी. नायतर मला काय!"

हे ऐकून आम्ही हसलो. मी तर घरी येऊन तिची नक्कलही केली. माझी नक्कल चांगली व्हायची.

आणि मग ते आमंत्रण आलं. आखातात नोकरीला असलेल्या रत्नागिरीकरांनी तिथं मंडळ काढलं होतं आणि त्यांचा संघही होता. त्यांनी आमच्या पोरांना खेळायला बोलावलं. दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी सामना. पाठीराखे म्हणून बाराजणांची सोय झाली. त्यात क्लबचे चिटणीस म्हणून आमचे हे, आणि तिथल्या बंदरात मुकादम असलेल्या भावानं बोलावणं धाडलं म्हणून शेवंतामावशी. तोवर ती कधी मुंबईच्या पलीकडे गेली नव्हती. ज्या पोरांना तिनं भाट्याच्या वाळूत नागडी धावताना पाहिलं होतं ती खऱ्या हिरवळीवर, बूट घालून, परक्या देशात खेळणार होती. तो सामना तिला बघायचा होता. तिनं आयुष्यात स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दसऱ्याच्या आसपास ती माझ्या माडीवर आली. पायांवर मासळीचे खवले तसेच. माझ्या विद्यार्थिनींनी नाकाला रुमाल लावले. मीही लावला असता, पण मी शिक्षिका होते.

"टायपिंगबाय, लिवून घे. बाराजणं जातायत, बारा कागद काढ. पोरांना वेगळे."

"काय लिहू मावशी?"

"कसं जायचं, कसं वागायचं नि कसं जिवंत परत यायचं."

ती उभ्यानंच सांगत गेली आणि मी वहीत उतरवत गेले. पासपोर्ट पिशवीत ठेवायचा नाही, आतल्या कपड्याला खिसा शिवून त्यात. त्याचा नंबर दुसऱ्या एकाजवळ लिहून. उतरवून घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि फोन शर्टाच्या कॉलरच्या आत, शाईच्या पेन्सिलीनं. क्लबची जर्सी मैदानावर घालायची, विमानतळावर नाही. त्यांचं राष्ट्रगीत लागलं की आपणही उभं राहायचं, आणि तेव्हा सुपारी चघळायची नाही. बायामाणसांचे फोटो नाहीत. शिपायाशी हसायचं नाही, भांडायचंही नाही. कुणाचं पार्सल न्यायचं नाही, सख्ख्या मामेभावाच्या आवशीनं रडून दिलं तरी नाही. औषधाबरोबर डॉक्टरची चिठ्ठी.

शेवटची तीन तिनं जरा थांबून सांगितली.

"खसखस न्यायची नाय. लाडवात नाय, मसाल्यात नाय, अनारशावर नाय. एक दाणासुदा नाय."

मी पेन थांबवलं. "खसखस? मावशी, खसखशीनं काय होणार आहे?"

"अफूचं बी ते. तिथं चालत नाय. लिव."

"बरं."

"वाचता येत नाय त्या कागदावर सही करायची नाय. कुणी कितीबी दरडावलं तरी. लिवलंस? आणि एक. एकजण अडकला तर एकानं त्याच्यापाशी थांबायचं. सामना बुडला तरी थांबायचं. एकट्याला टाकून जायचं नाय."

तिला कारण विचारावं, हे मला सुचलं नाही. सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापायला बसले तेव्हा एका पानात अठरा कलमं नीट बसली. खाली सुबक समास राहिला, आणि 'आपला प्रवास सुखाचा होवो' एवढं माझ्या पदरचं वाक्यही मावलं. तीन उरली. खसखशीचं म्हणजे अडाणीपणा, सहीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं, आणि शेवटचं चक्क अपशकुनी. आनंदाच्या सहलीला निघालेल्या लोकांना 'अडकला तर' कशाला सांगायचं? दुसरं पान काढायला माझा हात झिजला नसता. पण कागद देखणा झाला होता हो! त्या समासाच्या मी प्रेमात पडले होते.

दुसऱ्या दिवशी ती ऐकायला आली. मी छापलेला कागद वहीवर ठेवला, अठरापर्यंत कागदावरून वाचलं आणि पुढची तीन, कागद किंचित वर सरकवून, वहीतून वाचली. माझा आवाज जराही हलला नाही. तिनं मान डोलावली. जाताना पदराखालून दोन पापलेटं काढून टेबलावर ठेवली. ती मी तळून खाल्ली. चांगली होती.

निघायच्या दिवशी सगळी वरात टेम्पोतून हातखंब्याला आली. मुंबईची गाडी तिथं चार वाजता मिळायची. बायका, आया, हार, नारळ. मावशी नवं लुगडं नेसून, ट्रंकेवर बसून होती. तिनं आमच्या गोलकीपरला, इकबालला, हाक मारली.

"कागद काढ रे. मोठ्यानं वाच. सगळे आयकतील."

इकबालनं वाचलं. अठरावं झालं. मग वाचलं, "आपला प्रवास सुखाचा होवो."

"पुढं?"

"संपलं, मावशी."

"पालट कागद."

"मागं कोरा आहे."

मावशी उठली. तिनं माझ्याकडे बघितलं. एवढंच. त्या बघण्यावर मी आजही काही लिहू शकत नाही, बी. ए. असूनही. मग तिनं शिट्टी फुंकली आणि रस्त्याच्या कडेला पोरांसकट सगळ्यांच्या बॅगा उघडायला लावल्या. धुतलेले कपडे तांबड्या धुळीत पडले. कुणाचे लाडू हुंगले, कुणाचा मसाला तळहातावर घेऊन उन्हात धरला. काही सापडलं नाही. सापडलं ते एकाच बॅगेत, चिटणीसांच्या. स्टीलचा डबा, वर माझ्या माहेरचं नाव कोरलेलं, आत तीस अनारसे. दिवाळीला मीच तळले होते, जाळी अशी पडली होती की सासूबाईंनीसुद्धा नावं ठेवली नव्हती. आणि वर खसखस, भरगच्च.

तिनं तो डबा हायवेच्या पलीकडच्या गटारात उपडा केला. बोटांनी तळ खरवडला. सगळ्यांसमोर.

"टायपिंगबाय," ती म्हणाली, "शिकलेली ना तू?"

माझ्या कानांतून वाफ निघत होती. सांगते, आयुष्यात मी इतकी कधी चिडले नव्हते, आणि इतक्या चुकीच्या माणसावर तर कधीच नाही. एक मासळीवाली, माझा डबा, माझ्या माहेरचं नाव, चारचौघांत! बसमध्ये खायला म्हणून चार अनारसे मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले होते. गाडी आली, गडबड उडाली, आणि मी ह्यांना निरोप देता देता तो रुमाल त्यांच्या कोटाच्या खिशात सरकवला. "पोचल्यावर खा," म्हटलं. "त्या बाईला दाखवून खा."

ते बिचारे काय बोलणार! माझ्यापुढे ते कधी काय बोलले होते?

पुढचं मला त्यांच्याकडून कळलं. तिथल्या विमानतळावर कोट तपासला. रुमाल सुटला. त्यांना काचेच्या एका खोलीत नेऊन बसवलं आणि दार बंद केलं. बाकीच्यांना न्यायला मंडळाची बस आली होती, सामना दुसऱ्या दिवशी होता. पोरं रडकुंडीला आलेली. मावशीनं त्यांना ढकलून बसमध्ये चढवलं.

"खेळायला आलात ना? खेळा. मी हाय इथं."

आणि ती त्या काचेसमोरच्या बाकावर बसली. गुरुवारी बसली. तिचा भाऊ चहा घेऊन यायचा, हात जोडायचा, "ताई, घरी चल, उद्या सकाळी येऊ." ती हलली नाही. शुक्रवारी दुपारी, म्हणजे तिकडे सामना सुरू व्हायच्या सुमारास, एक अधिकारी हातात कागद आणि पेन घेऊन खोलीत शिरला. कागदावर सगळं अरबी. आमच्या ह्यांनी घाबरून पेन उचललं.

तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली.

हे म्हणायचे, "अशी वाजली, अशी वाजली, की माझ्या हातातनं पेन पडलं." अख्खा विमानतळ थबकला. मावशी काचेला चिकटून उभी, एक हात वर, रेफरीसारखा, आणि मान हलवतेय. सही नाही. सही नाही. दोन शिपायांनी तिला धरलं, शिट्टी दोऱ्यासकट ओढून घेतली. तिनं ती घेऊ दिली. भांडली नाही, तिचंच कलम होतं. पण ह्यांच्यावरची नजर काढली नाही, आणि ह्यांनी पेन पुन्हा उचललं नाही.

शनिवारी सकाळी तिच्या भावानं कंपनीतला अरबी जाणणारा एक केरळी माणूस आणला. त्यानं कागद वाचला. 'मी अमली पदार्थ विकायला आणला,' असं त्यात लिहिलं होतं. त्यानं तासभर समजावलं की हे गोड खाणं आहे, आमच्याकडे सणाला करतात, बायकोनं दिलंय. एका वयस्कर अधिकाऱ्यानं रुमाल हुंगला, ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सोडून दिलं. ह्यांचं तोंड बघून कुणालाही ते खरं वाटलं असतं.

सामना आपण तीन-दोननं जिंकलो होतो. इकबालनं पेनल्टी अडवली होती. मावशीनं त्यातलं काहीही बघितलं नाही. रविवारी परतीचं विमान होतं.

दामूकाकांचंही मला तेव्हाच कळलं. बाकावर बसल्या बसल्या तिनं तिच्या भावाला ह्यांच्यासाठी निरोप दिला होता, तो असा: "त्याला सांग, माझ्या माणसानं सही केली होती. मी दिलेल्या लाडवांपायी. त्याच्यापाशी कोण थांबलं नव्हतं." नऊ महिने ते तिकडच्या तुरुंगात होते. गावात सगळ्यांना सांगितलं होतं, बोट लांबच्या फेरीला गेलीय.

म्हणजे ते लाडू तिनं वळले होते. एवढी वर्षं ती त्या रागात उभी होती, आणि मी त्या रागाची नक्कल करत होते.

मंडळी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेटीवर गेले. लिलाव चालू होता. शिट्टीच्या जागी ती दोन बोटं तोंडात घालून फुंकत होती. मी बाजूला उभी राहिले. पाठ केलेलं भाषण होतं माझ्याकडे, अलंकारिक.

"मावशी, अहो, तुम्ही..."

"अहो कुणाला म्हणतेस?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कालपर्यंत 'अगं' होतं ना? तेच ठेव. नायतर मला वाटेल, परत कायतरी गाळतेस."

"माझं चुकलं गं."

"चुकलं नाय. चुकतं ते माज्यासारख्या अडाण्याचं. तू वाचून दाखवलंस, जे नव्हतं ते." तिनं बांगड्यांचा खोका पायानं पुढे ढकलला. "संध्याकाळी येतंय मी. मला अक्षर शिकव. तुझ्यावर भरवसा नाय माझा."

आली. रोज सहाला यायची, खवल्यांसकट. माझ्या विद्यार्थिनींनी एकदाच नाकाला रुमाल लावला. पहिल्यांदाच मी टेबलावर हात आपटून कुणावर ओरडले. तिला 'कमळ' लिहायचं नव्हतं. "कमळ घेऊन मी कुठं जातंय? खसखस लिवायला शिकव." काना नाही, मात्रा नाही, दुसऱ्याच दिवशी जमलं. मग ते तिनं माझ्या पाटीभर लिहिलं, टेबलावर खडूनं लिहिलं, जाताना जिन्याच्या भिंतीवरही लिहिलं. नजर जाईल तिथं मला ते दिसत राहिलं. पुसायची माझी हिंमत नव्हती.

मी स्टेन्सिल पुन्हा कापलं. दोन पानं. समास अगदी भिकार.

तिला मी शेवटची नीट पाहिली ती त्यानंतर दोन वर्षांनी, पुन्हा हातखंब्यालाच. त्या मंडळाचं पुन्हा आमंत्रण होतं. मावशी या वेळी जाणार नव्हती, दामूकाकांना सोडून जायची तिची तयारी नव्हती. तांबड्या धुळीत पोरं रांगेनं उभी, बॅगा उघड्या. मावशीच्या नाकावर चष्मा, हातात माझे दोन कागद. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून ती मोठ्यानं वाचत होती. जोडाक्षराला अडायची, रागानं त्याच्याकडे बघायची, आणि अक्षर जणू भिऊन सुटायचं. एकोणीस. वीस. एकवीस. "एकट्याला टाकून जायचं नाय." मग कागद पालटून मागची बाजू बघितली. कोरी होती. तरी उन्हात धरून बघितली.

गाडी आली. सगळे चढले. हार, हाका, धूळ. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मावशी माझ्यापाशी आली. माझ्या खांद्यावरची पर्स काढून घेतली, उघडली, आतला रुमाल काढून झटकला, घडी घालून परत ठेवला, आणि पर्स माझ्या हातात दिली.

मी कुठेही जात नव्हते.